उकिरड्याचा इतिहास कोण लिहिणार?

आमच्या गावाकडच्या घरामागे उकिरडा होता. घर दोन खोल्यांचं, पण मागचा परस ऐसपैस. चुलीतली राख, शेळ्यांच्या लेंड्या, भाजीचे देठ, खुराड्यातला केर, गवाणीत उरलेली वैरण, सगळं तिथे जायचं. उन्हाळा संपत आला की दादी तो उकिरडा स्वतः उकरायची आणि तळाचं काळं, भुसभुशीत खत पाटीत भरून वाफ्यांत टाकायची. त्या वाफ्यांत मेथी, अंबाडी, वांगी. काट्यांच्या कुंपणावर दोडका आणि वाल. मोरीचं पाणी जिथे मुरायचं तिथे अळू आणि एक केळ. आम्ही मुलं त्या ढिगाला कचरा म्हणालो की ती चिडायची. "कचरा नक्को बोलो, खत बोलो," असं दखनीत बजावायची.

पुढे शहरात शिकायला आल्यावर वाचलं, की कंपोस्ट खताची शास्त्रीय पद्धत एका इंग्रज शास्त्रज्ञाने बसवली आणि तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. हे सांगायला दादी तेव्हा राहिली नव्हती. असती तर तिने नक्की विचारलं असतं, की हा साहेब आपल्या परसात आला होता कधी?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही. बागांचा इतिहास म्हटला की आपण अहमदनगरच्या फराहबागेबद्दल बोलतो, औरंगाबादच्या हिमायतबागेबद्दल बोलतो. नहरी, कारंजी, चारबागेची रचना यांवर पानंच्या पानं भरतात. परसबागेची तवारीख कुणी लिहिली नाही, कारण तिथे बादशहा नव्हता, बाई होती.

आता एक कबुली. आमच्यातल्या काहींना सवय आहे, कोणताही शोध निघाला की 'हे तर आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं' म्हणून छाती फुगवायची. (ही सवय फक्त आमच्यातच आहे असं नाही, हे वाचकांना सांगायला नको.) अकराव्या शतकात अंदलुसमधल्या तुलैतुला म्हणजे आजच्या टोलेडो शहरात इब्न बस्साल नावाचा बागायतीचा जाणकार होऊन गेला. त्याने शेतीवरच्या ग्रंथात खतांचे प्रकार लावले आहेत. घोड्या-गाढवांची लीद, मेंढ्यांच्या लेंड्या, कबुतरांची विष्ठा, घरातला केरकचरा, हमामखान्याची राख असं सगळं त्यात आहे. जिथे जनावरांचं खत मिळत नाही तिथे पालापाचोळा कुजवून खत 'तयार' कसं करावं, हेही त्यात येतं. शतकभरानंतर सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फिलाहा' या मोठ्या ग्रंथात ही परंपरा पुढे नेली. वाचताना अभिमान वाटतो, नाही असं नाही. पण त्या ग्रंथांचा आणि आमच्या दादीच्या उकिरड्याचा काडीचाही संबंध नव्हता. जिथे माणूस एका जागी राहून भाजी लावतो, तिथे तो खत कुजवायला शिकतोच. चीनमध्ये शिकला, अंदलुसमध्ये शिकला, मराठवाड्यातही शिकला. म्हणून 'कुणाला आधी कळलं' या भांडणात मला रस नाही. कळत असूनही ते खत वाफ्यापर्यंत का पोचत नव्हतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे खताला नावं किती आहेत बघा. शेणखत, गावखत, लेंडीखत, सोनखत. रब्बीच्या आधी शेतात मेंढरं बसवायची आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं, हा व्यवहार दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कोकणात भाताच्या रोपासाठी फांद्या, पाला, गवत, शेण जाळून राब भाजतात. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' ही म्हणही आपलीच. ज्या भाषेत उकिरड्यालाही चांगले दिवस येण्याची आशा आहे, तिथल्या माणसाला खताची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल?

इंग्रज अधिकारी मात्र तसं म्हणत. हिंदुस्थानी रयत अडाणी, शेणासारखं खत चुलीत जाळते, ही त्यांची ठरलेली तक्रार. 1889 साली सरकारने इंग्लंडहून जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे कृषी-रसायनतज्ज्ञ बोलावले. ते देशभर फिरले आणि 1893 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी जे लिहिलं ते सरकारला फारसं आवडण्यासारखं नव्हतं. शेतकरी शेण जाळतो ते त्याला कळत नाही म्हणून नव्हे, तर जाळायला लाकूड मिळत नाही म्हणून, असा त्यांचा निष्कर्ष होता. गावाजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं उभी करा, मग शेण आपोआप शेतात जाईल, असं त्यांनी सुचवलं.

लाकूड का मिळत नव्हतं, हे दहा वर्षं आधीच पुण्यात एका माणसाने लिहून ठेवलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पूर्वी रानातला पालापाचोळा, फुलं, मेलेले जीवजंतू कुजून पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत आणि जमीन सुपीक राही, पण जंगल खात्याने रानं ताब्यात घेतली आणि शेतकऱ्याची गुरं, सरपण, पाला सगळंच अडलं, असं ते सांगतात. वाहून जाणारा गाळ अडवायला बांध घाला, ही त्यांची मागणी त्यातूनच आली. व्होल्करसाहेबांनी फुले वाचले असण्याची शक्यता कमीच. पण पुण्याचा शेतकरी-कार्यकर्ता आणि विलायतेचा रसायनतज्ज्ञ एकाच जागी येऊन थांबतात, हे मला फार बोलकं वाटतं. खताचा प्रश्न हा आधी सरपणाचा प्रश्न होता. आणि सरपण गोळा करणं, गोवऱ्या थापणं हे काम बाईचं. संध्याकाळी चूल पेटायलाच हवी. वाफ्याला खत पुढच्या महिन्यात घातलं तरी चालतं. या दोहोंत शेण कुठे जाणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या पार्श्वभूमीवर अल्बर्ट हॉवर्ड आपल्याकडे आले. 1905 साली ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. माणूस प्रामाणिक होता. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं कोणतीही औषधं न फवारता निरोगी कशी राहतात, हे त्यांनी पाहिलं आणि शेतकरी व कीड या दोघांनाच आपण गुरू केलं, असं पुढे उघडपणे सांगितलं. त्यांची पत्नी गॅब्रिएल स्वतः नावाजलेली वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि संशोधनात बरोबरीने राबत होती. 1924 साली हे जोडपं इंदूरला आलं. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली, कापूस समितीने पैसा दिला आणि तिथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

संस्थेचं मूळ काम कापसाचं. पण हॉवर्डना दिसलं की काळ्या जमिनीचा कसच जात चालला आहे. त्यांच्यापुढे अमेरिकन प्राध्यापक एफ. एच. किंग यांचं चीन-जपान-कोरियाच्या शेतीवरचं 1911 सालचं पुस्तक होतं. चिनी शेतकरी गावातला कोणताही टाकाऊ पदार्थ वाया जाऊ देत नाही, हे त्यात तपशिलाने आलं आहे. ते तंत्र माळव्याच्या हवामानात आणि गुराढोरांच्या गोठ्याशी जोडायचं, असं ठरलं.

संस्थेच्या आवारात 33 खड्डे खणले गेले. प्रत्येक 30 फूट लांब, 14 फूट रुंद, 2 फूट खोल. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, त्या लवकर कुजत नाहीत. मग त्या आधी शेतरस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. त्या गुरांखाली अंथरायच्या. मग खड्ड्यात थर लावायचे: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, थोडी राख आणि वरून पाणी. ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही, आणि त्या उष्णतेत तणांचं बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. ढिगाला हवा लागते. हवा कोंडली तर तो सडतो आणि नाक धरावं लागतं. म्हणून तीनदा उलथापालथ. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. दादीच्या उकिरड्याला वर्ष लागायचं, तेही पावसाने धुपून, उन्हाने वाळून निम्मं सत्त्व गेलेलं असायचं. तेव्हा साहेबांनी काहीच नवीन केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. थर, ओल, हवा, राख यांचं प्रमाण बसवलं आणि काळ चौथ्या हिश्शावर आणला, ही मोठीच गोष्ट होती.

1930 साली गॅब्रिएल गेल्या. 1931 साली हॉवर्ड हिंदुस्थान सोडून परतले आणि त्याच वर्षी शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरचं त्यांचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड यांचं. संस्थेत रसायनशास्त्राचं काम ते पाहत. पुढे हॉवर्डना 'सर' किताब मिळाला, 1940 साली त्यांचं कृषीविषयक 'मृत्युपत्र' गाजलं, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर त्यांचं नाव झालं. वाडांचं नाव मराठी वाचकालाही आज ठाऊक नाही. खड्ड्यात प्रत्यक्ष उतरून ढीग उलथणाऱ्या मजुरांचं नाव तर कुठेच नाही.

आणि ही पद्धत रुजली कुठे? केनियाच्या कॉफीमळ्यांत, आसाम-सिलोनच्या चहामळ्यांत. जिथे हुकमी मजूर होते, पाणी होतं, मालकाच्या नावावर शेकडो एकर होते, तिथे. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या प्रश्नातून ती निघाली त्याच्याकडे ना 33 खड्ड्यांइतकी गुरं, ना ढीग तीनदा उलथायला माणसं. उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तिथे खड्ड्यात कुठून ओतणार?

1935 च्या एप्रिलमध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्या वर्षी 'हरिजन'मधून या खताचा प्रचार केला. त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांचे हिरव्या पालेभाज्यांचे प्रयोग चालू होते. खेड्यातल्या माणसाच्या ताटात पाला येत नाही आणि खेड्याच्या रस्त्यावर घाण पडलेली असते, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या. परसबाग आणि गावाची सफाई यांचा धागा तिथे जुळला. डिसेंबर 1947 मध्ये, दिल्ली निर्वासितांनी भरलेली असताना, मीराबेनच्या पुढाकाराने तिथे अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली होती. एवढ्या वणव्यात कुणाला खत सुचलं, याचं आज नवल वाटतं.

पण सफाई म्हटली की जात आलीच. सोनखत हे सगळ्यात कसदार खत. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या आसपासचे ऊसवाले बागाईतदार नगरपालिकेकडून ते पैसे मोजून विकत घेऊ लागले होते. त्याचा विटाळ उसाला होत नव्हता. विटाळ होता तो वाहून आणणाऱ्या माणसाचा. इथे आपण मुसलमानांनीही बाजूला उभं राहून बोट दाखवायचं कारण नाही. हलालखोर, मेहतर म्हणून ज्यांना आमच्यातही पंगतीला, सोयरिकीला दूर ठेवलं, त्यांच्या डोक्यावरच्या पाटीतून हेच खत जात होतं. एका सफेत बसून नमाज पढणं वेगळं आणि एका ताटात जेवणं वेगळं, हे आमच्या वस्त्यांनी चांगलंच ओळखलं होतं.

या जागी एका माणसाचं नाव आदराने घ्यायला हवं, ते कोकणच्या अप्पा पटवर्धनांचं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास साफ करण्याचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असं उत्तर मिळालं. अप्पांनी अन्न सोडलं. येरवड्यातून गांधीजींनी त्यांना उपवासाची साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी आयुष्य घालवलं ते मैला कुणाच्या डोक्यावरून वाहावा न लागता त्याचं खत व्हावं, यासाठी लागणारा संडास बसवण्यात. आपण ज्यांना समाजसुधारक म्हणून पुतळ्यात उभं करतो त्यांच्यात अप्पा दिसत नाहीत. संडास आणि सोनखत यांच्याभोवती पुतळा शोभत नसावा.

शेणाच्या टंचाईला उत्तर मात्र विदर्भातून आलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, लोकांचे नाडेपकाका. गांधीविचाराचे कार्यकर्ते. त्यांनी प्रश्न उलटा केला. शेण किती लागतं हे न विचारता किती कमी शेणात भागेल, हे पाहिलं. जमिनीवर विटांचं टाकं, साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंतीत मुद्दाम भोकं ठेवलेली, म्हणजे हवा आपली आपण खेळते आणि ढीग उलथायला माणूस लागत नाही. आत चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, जवळपास तेवढीच गाळलेली माती आणि शेण फक्त शंभरेक किलो, तेही पाण्यात कालवून शिंपडायला. वरून माती-शेणाने लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. दारात एकच गाय असली तरी गोवऱ्या थापून उरलेल्या शेणात हे बसतं. इंदूरच्या पद्धतीला मजूर आणि गोठा हवा होता. पुसदच्या पद्धतीने दोन्ही कमी केले.

आता जरा हिशोब करू. भाजीपाल्याला हेक्टरी 20 टन शेणखत द्या, असं कृषी खातं सांगतं. म्हणजे गुंठ्याला 200 किलो. पाच एकर कोरडवाहूवाल्याला हा आकडा झेपत नाही, 40 टन आणणार कुठून? पण परस एका गुंठ्याचा असला तर वर्षाकाठी दोन-चारशे किलो खत पुष्कळ झालं. तेवढं घरातला केर, चुलीची राख, चार शेळ्या आणि झाडाखालचा पाला यांतून निघतं. त्याला सरकारी टाकंही लागत नाही. गुडघाभर खड्डा आणि वर सावली पुरते. सांडपाण्यावर भागतं. म्हणजे शेतात न जुळणारं खताचं गणित परसात जुळतं. दादीला हा हिशोब मांडता आला नसता, पण ती तो वर्षानुवर्षं जगत होती.

अडचण आहे ती परसाचीच. परस कुणाचा? गावठाणात घरं वाढली, भावाभावांत भिंती पडल्या, भूमिहीनाच्या दाराला तर परस कधी नव्हताच. ट्रॅक्टर आला, बैल गेले, दारातलं शेण घटलं. पोषण परसबागेच्या योजना कागदावर चांगल्या असतात, पण त्या धरून चालतात की घरामागे जागा आहे आणि त्या जागेवर बाईची हुकमत आहे.

म्हणून मराठवाड्यातलं एक काम मला महत्त्वाचं वाटतं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबाद भागात बायकांचे गट बांधले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत या गटांनी घरात मागणी केली ती पैशाची नाही, जमिनीची. घरच्या शेतातला एक एकर, कधी अर्धाच, मला द्या. मी त्यात भाजी, कडधान्यं, धान्य लावीन, खत मी करीन, विकायचं काय आणि शिजवायचं काय हे मी ठरवीन. नवऱ्यांनी बहुतेक ठिकाणी पडीक, दगडाळ तुकडा दिला असणार, हा माझा अंदाज. 2016 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणाचं बी राखून परसबागा उभ्या केल्या आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईच्या ज्ञानावर तिचंच नाव लागलं, हे इंदूरच्या मानाने नव्वद वर्षांत पडलेलं पुढचं पाऊल.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला कुठल्याशा योजनेतून बांधलेलं विटांचं टाकं आहे. भिंतीत भोकंही बरोबर ठेवलेली. त्यात कुणीतरी सरपण रचून ठेवलंय आणि वर पत्रा टाकलाय. मी हसलो, मग व्होल्करचा अहवाल आठवला आणि गप्प बसलो. समोरच्या घरातल्या चाचींनी मात्र न्हाणीच्या पाण्याशेजारी खड्डा केलाय. वर शेवग्याची सावली. त्यांच्या दुधीभोपळ्याचा वेल आमच्या पडक्या भिंतीवर चढून आत आला होता. निघताना त्यांनी दोन दुधी पिशवीत घातले. म्हणाल्या, "तुमच्या दादीच्याच उकिरड्यावर लागलेत, आमचं काय त्यात!"